काही करू नका

लोखंड घासायची कानस हातात आली की मला खडबडीत काही बघवत नाही. ही सवय पिंपरीच्या टूलरूममध्ये लागली आणि तिथे तिच्यामुळे माझं भलंच झालं. एका गाडीचं मात्र तिने वाटोळं केलं. मी दोष सवयीवर ढकलतोय खरा, पण हात माझाच होता.

पन्नासच्या दशकात पिंपरीच्या माळावर एकेक कारखाना उभा राहत होता. मी साताऱ्याकडून आलेला फिटर. चिंचवडात एका डॉक्टरांच्या आवारातल्या खोलीत बायकोसह भाड्याने राहायचो. आवारातच पत्र्याच्या शेडखाली डॉक्टरांची गाडी असे. विलायती, युद्धाच्या आधीची, हिरवी, वर छप्पर नाही आणि जागा दोघांपुरतीच. खडकीच्या छावणीतला एक गोरा साहेब ती शर्यतीत पळवायचा. मायदेशी जाताना त्याने ती डॉक्टरांना विकली, आणि डॉक्टर तिच्यातून देहू-मोशीपर्यंत रोगी बघायला जाऊ लागले. बॉनेट इतकं लांब, की वळणावर गाडी आधी दिसायची आणि डॉक्टर मागाहून.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. समोर माणूस आहे एवढं दिसे. कोण आहे ते आवाजावरून कळे. स्वतः डॉक्टर असून दाखवायला उशीर केला, असं ते कोणीही न विचारता सांगत. उभी राहून गाडी गंजण्यापेक्षा चालवणाऱ्याच्या हाती जावी असं त्यांनी ठरवलं. पण तिला घेणार कोण? बायकापोरं बसत नाहीत, पेट्रोल ढोसते, सुटे भाग मिळत नाहीत. मोशीचा एक बागाईतदार तेवढा चिकाटीने येत राहिला.

"डाक्टर, इंजिन तेवढं द्या," तो म्हणायचा. "इंद्रायणीवर पंपाला जोडतो, राकेलवर चालवतो. बाकीचा पत्रा आमाला नको."

"अख्खी जाईल, नाहीतर जाणार नाही," डॉक्टर म्हणायचे. ते मऊ बोलत, पण या एका बाबतीत हटत नसत.

भाद्रपदात पुण्याचे एक वकील आले. जुन्या शर्यतीच्या गाड्या जमवण्याचा त्यांना नाद होता. असल्या नादाची माणसं तेव्हा फार नव्हती, आणि मला तर हा प्रकार श्रीमंतांचा रिकामटेकडेपणाच वाटला. त्यांनी गाडी सुरू करायलाही सांगितली नाही. गुडघ्यावर बसून स्क्रू बघितले, दाराच्या बिजागऱ्या बघितल्या, भेगाळलेल्या गादीवर हात फिरवला. मागच्या मडगार्डला साहेबाच्या शर्यतीत पडलेला मोठा पोचा होता. तो बघून ते चक्क हसले.

मी विचारलं, या गाडीत एवढं आहे तरी काय? माणूस भला होता, त्यांनी समजावून सांगितलं. अशा गाड्या मुळात थोड्या बनल्या. ज्या बनल्या त्या शर्यतीत मोडल्या, नाहीतर हौशी मालकांनी हिचं इंजिन तिला, तिचं चाक हिला करून संपवल्या. कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिलेली गाडी शंभरात एखादी. "वेग नव्या गाडीलाही असतो," ते म्हणाले. "मला हिच्यात काय काय बदललेलं नाही, ते हवंय."

डॉक्टर खूश झाले. वकील दिवाळीपूर्वी गाडी पडताळायला जुनी पुस्तकं घेऊन पुन्हा यायचे होते. निघताना मला म्हणाले, "तोवर काही करू नका हं. आहे तशी राहू द्या."

आता आमच्याकडे पाहुणा दारातून "काही करू नका" म्हणत आत येतो, तेव्हा कढईत पोहे पडलेले असतात. न केले तर तोच पाहुणा गावभर सांगतो. "आहे तशी राहू द्या" याचा अर्थ मी लावला, की मोशीच्या बागाईतदाराला इंजिन काढून देऊ नका. आणि पोचा बघून ते हसले ते भिडेखातर, दुसऱ्याच्या वस्तूला नावं कशी ठेवायची म्हणून. मला सगळं कळलं होतं.

त्यात खंडेनवमी आली. कारखान्यात आम्ही यंत्रं धुऊनपुसून, रंगवून, हळदकुंकू वाहून ठेवली, आणि त्याच भरात मी गाडीकडे वळलो. पोचा आतून लाकडी ठोकळा लावून असा काढला, की बोट फिरवून जागा सापडू नये. इंजिनाला चंदेरी रंग दिला. ब्लॉकच्या एका अंगाला बोटभर उंचवटा होता, गंजलेला, त्यावर वेडेवाकडे ओरखडे. जवळून पाहिलं तर ते आकडे होते. कोणीतरी हाताने ठसे मारलेले, एक वर, एक खाली, सात तर पार कलंडलेला. असलं काम माझ्या टूलरूममध्ये कोणी केलं असतं, तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. नंबर कागदावर आहेच, असं म्हणून मी कानस लावली. उंचवटा आरशासारखा झाला. त्यावर झेंडूची माळ घातली आणि आठवडाभर मनातल्या मनात शाबासकी घेत फिरलो.

वकील आले. बॉनेट उचललं आणि वाळलेली झेंडूची माळ बाजूला केली.

"इथे नंबर होता," ते म्हणाले.

"होता. फार वाकडा मारलेला," मी म्हणालो. "डॉक्टरांच्या कागदावर आहे तो. माझ्याकडे ठसे आहेत, उद्या सरळ रेषेत मारून देतो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला दारापाशी नेऊन आतली पितळी पट्टी दाखवली. तिच्यावर तोच नंबर होता, तसाच वेडावाकडा. दोन्हीकडचे आकडे एकाच हाताचे असले, तरच ही गाडी आणि हे इंजिन जन्मापासून एकत्र आहेत असं म्हणता येतं, ते म्हणाले. "रंगाचं, पोच्याचं मी चालवून घेतलं असतं. पण तुम्ही माराल तो नंबर खरा असेल, आणि ठसा खोटा."

खुर्चीवर बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" ते चाचपडत आले, वकिलांनी त्यांचं बोट त्या उंचवट्यावर ठेवलं. डॉक्टरांनी ते दोनदा फिरवलं.

"काम सुरेख केलंत हो," ते मला म्हणाले. टोमणा नव्हता, म्हणूनच मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

वकील परत आले नाहीत. कार्तिकात डॉक्टरांनीच मोशीला निरोप धाडला. उभी राहून बंद पडण्यापेक्षा अर्धी तरी चालू दे, म्हणाले. इंजिन मीच उतरवलं. दुसऱ्या कोणाला त्याला हात लावू द्यायची माझी तयारी नव्हती. इंद्रायणीच्या काठी चौथऱ्यावर बसवून पंपाला जोडलं. चालू करायच्या दिवशी डॉक्टरांनी हट्टाने सोबत यायचं म्हटलं. एसटीच्या रस्त्यावर उतरून मळ्यातल्या बांधाने मी त्यांना हाताला धरून नेलं.

हँडलच्या दुसऱ्या फेरीला इंजिन लागलं. पाटात पाणी आलं, बागाईतदाराचा चेहरा फुलला. "न्हाई म्हटलं तरी जोर हाय की हो हिच्यात," तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला तेल कधी बदलायचं ते दोनदा सांगितलं, रोग्याच्या घरच्यांना सांगायचे तसं, आणि त्याच्याकडून म्हणवूनही घेतलं.

मग त्यांनी माझा हात शोधला. "चला," म्हणाले, "पण जरा सावकाश. ऐकू येतंय तोवर."