आकारामच्या गुडघ्यामागची खपली

आकाराम आमच्या पवनचक्क्यांखालचं गवत कापायचा. साताऱ्याजवळच्या पठारावर अठरा वर्षं, कंत्राटावर, पायात स्लिपर घालून. रजा मागताना इतका संकोचायचा की मागता मागता स्वतःच "ऱ्हाऊ द्या" म्हणायचा. मी त्या कंपनीचा डॉक्टर. दर सहा महिन्यांनी कामगार तपासायचे आणि फॉर्म भरायचे, हे माझं काम. फॉर्मात उंचीवरून पडणं होतं, विजेचा धक्का होता, साप होता. गोचीड नव्हती. आणि फॉर्मात नाही ते माझ्या डोक्यातही नव्हतं.

नोव्हेंबरात तो चार दिवसांचा ताप अंगावर काढून आला. डोकं ठणकत होतं. तपासताना गुडघ्यामागे काळी खपली दिसली आणि मी उखडलो. आमच्याकडे गुडघा दुखला की बिब्बा घालतात, कातडी भाजते आणि असाच काळा डाग उठतो. असे डाग मी ढिगानं पाहिलेत.

"परत बिब्बा घातलास ना? तुम्ही लोक सुधारणार नाही."

"न्हाई सायेब, गोचीड चिकटली व्हती तितं. उपटून टाकली."

"गोचीड जनावराला होते, आकाराम. तू जनावर आहेस का?"

बाहेरच्या बाकावरचे कामगार हसले. तोही हसला. मी तापाच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्याला हाक मारली. हे लिहितानाही मला लाज वाटते.

त्यानंतर पाचव्या दिवशी तो कराडच्या एका दवाखान्यात बेशुद्ध पडला होता. तिथल्या डॉक्टर प्रियदर्शनी, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी खपली पाहिली, तळहातांवरचे लाल ठिपके पाहिले आणि त्याच्या बायकोला, राहीबाईला, एवढंच विचारलं, "यांना गोचीड चावली होती का?" गोचिडीच्या तापाचं औषध तासाभरात सुरू झालं. तेच औषध माझ्या कपाटात पडून होतं. आकाराम वाचला, पण तापानं दोन्ही कान गेले.

मी भेटायला गेलो. राहीबाईच्या नजरेला नजर देववेना. वाटेत घोकलेली माफी मी त्याच्यासमोर कशीबशी बोलून टाकली. त्याला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. माझे ओठ तेवढे हलताना दिसले, आणि त्याला वाटलं, मी अजून रागावतोय.

तो धडपडत उठून बसला, हात जोडले आणि म्हणाला, "बिब्बा नव्हता सायेब, आईच्यान."