बोट आणि आवाजाच्या मधे

कुणावर लिहावं एवढी माझी लायकी नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. परीक्षेच्या पेपरापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. पण लॅपटॉप घेताना डोळे मिटणारा माणूस मी एकच पाहिला. तुम्ही कुणी पाहिलाय का?

मांडवगण फराट्यात सगळे त्यांना मामाच म्हणत. रांजणगावला कंपनीत कामाला, आणि लग्नसराईत बँजो पार्टीत वाजवायला. ढोलकी, हलगी, ताशा, सगळे आवाज पॅडवर बोटं मारून लॅपटॉपमधून काढायचे. कंपनीत उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली सापडली होती. विचारलं तर "बरी झाली" एवढंच म्हणायचे.

एका हळदीत ऐन नाचात त्यांचा लॅपटॉप अपडेट व्हायला बसला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पार्टीच्या मालकानं सुनावलं, "पुढची सुपारी कवठे येमाईची हाय. तिथं आसं झालं तर दुसरा वाजवणारा बघतो."

मी लॅपटॉपवर लिनक्स ही वेगळी सिस्टीम वापरतो हे मामांच्या कानावर होतं. सकाळीच आले.

"त्ये म्हणं आपण सांगितल्याबिगर अपडेट करत न्हाई?"

"नाही करत, मामा."

"मंग तसलंच पायजे."

दौंडला स्टेशनजवळ जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे. तिथं आमच्या तीन खेपा झाल्या. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचो, पॅड जोडायचो. मामा डोळे मिटून वाजवायचे.

"बोट आन् आवाज. मधी माणूस शिरता कामा नये."

बोट मारल्यावर आवाज जरा उशिरा आला असं वाटलं की म्हणायचे, "शिरतोय."

दुकानदार वैतागला. "मामा, लॅपटॉप घेताय का जावई बघताय?"

"जावई परत करता येत न्हाई. तुम्ही तरी कुठं परत घेता?"

तिसऱ्या खेपेला एक जाडजूड, काळा लॅपटॉप निघाला. पंख्याचा आवाज नाही, बॅटरी बाहेरून काढता येणारी, लिनक्सनं साउंड कार्ड लगेच ओळखलं. मामा म्हणाले, "शिरतोय."

दर खेपेसारखंच मी ठेका लावून त्यांचं वाजवणं रेकॉर्ड केलं, आणि या वेळी ते उघडून पाहिलं. पडद्यावर डाव्या हाताचे ठोके बरोबर ठेक्याच्या रेघेवर पडले होते. उजव्या हाताचे सगळे रेघ ओलांडून, किंचित उशिरा. आधीच्या दोन लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर होतं. तेही उघडलं. तिथंही तसंच.

"काय दिसतंय रं?" डोळे अजून मिटलेलेच.

"हाच घ्या, मामा. हा थांबणार नाही."

ते खरंच होतं. उजव्या हाताचं मात्र मी बोललो नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला ते कसं सांगायचं, मला समजलं नाही. मामांनी डोळे उघडले, पडद्याकडे जरा वेळ पाहिलं आणि लॅपटॉप पिशवीत घातला.

कवठे येमाईला मला जाता आलं नाही. शिरूरला परीक्षा होती. नंतर बरेच दिवस काहीच कळलं नाही. शेवटी एसटी स्टँडवर पार्टीतला बँजोवाला भेटला. म्हणाला, मधेच जनरेटर बंद पडला, तरी लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. एकदाही अडकला नाही. मालक खूश. कार्यक्रम संपल्यावर मामांनी लॅपटॉप पुसला, मालकाच्या हातात दिला आणि टेम्पोवरून खाली उतरले. त्यानंतर वाजवायला आलेच नाहीत.

"काही बोलले का?" मी विचारलं.

"व्हय. म्हणले, मशीन चोख हाय. मधी शिरलेला माणूस मीच व्हतो."