आत्याचं बिनखिळ्यांचं स्टूल

तिसगावच्या बाजाराच्या दिवशी आत्या बैलगाडीतून पडली आणि तिचा खुबा निखळला. नगरच्या इस्पितळात डॉक्टरांनी तो बसवला, पायाला वजन बांधून तिला कित्येक आठवडे खाटेवर निजवलं. घरी पाठवताना बजावलं: उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, वाकायचं नाही. खुबा पुन्हा निसटला तर चालण्याची आशा धरू नका.

चालणं हेच आत्याचं काम होतं. मिशनतर्फे ती वस्त्यांवर जाऊन बायकांना वाचायला शिकवी. विधवा, मूलबाळ नाही. मला तिनेच वाढवलं. घरी येताच तिने कमरेइतका ओटा बांधवून चूल त्यावर चढवली आणि सुताराकडून उंच स्टूल करवलं. लढाईमुळे बाजारात लोखंडी खिळे मिळेनात, म्हणून त्याने लाकडी खुंट्या ठोकल्या. शेजारच्या काशीबाईंनी विचारलं, "सायबीन झालीस व्हय गं?" आत्या म्हणाली, "व्हय. तू च्या टाक, मी हुकूम करते."

पण एकदा ती चुकली. तिचे थोरले दीर दाजीबा आले आणि सतरंजीवर बसले. धाकट्या भावजयीने त्यांच्याहून उंच बसायचं कसं? पदर सावरून ती स्टुलावरून उतरली, खाली टेकली, पाय दुमडला, आणि खुबा निसटला. पुन्हा नगर, पुन्हा वजनं. या वेळी डॉक्टरांनी काहीच आशा दाखवली नाही. तरी घरी आल्यावर रोज थोडं थोडं करत, काठी धरून, ती चालायला लागली.

दाजीबा भेटायला आले तेव्हा तिने डोक्यावरून पदर घेतला, पण स्टूल सोडलं नाही.

"भावजी, तुमचा मान पदरानं राखीन. खुब्यानं न्हाई व्हायचं."

 दाजीबा सतरंजीवरून उठले आणि ज्वारीच्या पोत्यांवर चढून बसले. "आता झालं का बरोबर?" म्हणाले. पुढे ती त्यांची नेहमीचीच जागा झाली.

आत्या पुन्हा वस्त्यांवर जाऊ लागली. मागून कुणीतरी बाई स्टूल घेऊन येई. खाली बसलेल्या बायका मामलेदाराची कचेरी भरली म्हणून हसत. पाटी पडली तर आत्या सांगे, "उचल गं. माझं वाकणं मी नगरला ठेवून आले."

गेल्या महिन्यात आत्या गेली. अंथरुणाला खिळेपर्यंत ती चालत होती. त्या ओट्यावर आता मी उभ्याने भाकरी करते. स्टूल चुलीशेजारी आहे.