एका शीर्षकाची एकच प्रत

पनवेलच्या आमच्या वाचनालयात दान आलेल्या वस्तूवर आधी शिक्का मारायचा आणि मग विचार करायचा, अशी माझी पद्धत होती. टेबलावर काही पडून राहिलेलं मला खपत नाही, आणि त्या झटपटपणाचा मला गर्वही होता.

उरणकडचे एक काका तीन डीव्हीडी घेऊन आले. एका बिल्डरने जमिनी घेताना गावात फुकट वाटलेल्या जाहिराती. तिन्हींवर तीच इमारत, तेच नाव, 'विक्रीसाठी नाही' हीच ओळ.

"माजी आई हाय यात," ते म्हणाले. "मिठागरावर काम करताना. तिचा दुसरा फोटो नाय. घरी ह्ये लावायला मशीन नाय, तुमच्याकडं हाय. गुरुवारी बहिणीला घेऊन येतो."

एरवी मी जाहिरात दाखल करून घेतली नसती, पण आईचं नाव काढल्यावर विरघळले. नियमाप्रमाणे एकच प्रत रजिस्टरात चढवली. उरलेल्या दोन कात्रीने कापल्या. आमच्या शिक्क्याची वस्तू भंगारात गेली, की कुणीतरी भला माणूस ती पुन्हा आम्हालाच आणून देतो, म्हणून कापायचीच. लावून बघायचे कष्ट घेतले नाहीत. सारख्याच तर होत्या!

गुरुवारी दोघं आली. बहिणीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी डीव्हीडी लावली. तरणतलाव झाला, लिफ्ट झाली, मग पांढरंशुभ्र मिठागर. निवेदिका लाडिक आवाजात म्हणाली, इथे कालपर्यंत काहीच नव्हतं.

"आई कुटं हाय?" बहिणीने विचारलं.

"ही ती नाय," काका म्हणाले. "पयल्या वाटपात होती, मागनं त्यांनी तिला काढली. वरनं वळखू येत नाय, म्हणून तिन्ही आणल्या. दुसऱ्या दोन लावा ना, मॅडम."

'यात' म्हणजे तिन्हींत, असंच मी धरून चालले होते.

"कापल्या," मी म्हणाले. "मीच कापल्या."

बहीण उठून पडद्याजवळ गेली.

"कुटं उबी होती रं ती?"

काकांनी मला चित्र मागे घ्यायला सांगितलं, मिठागरावर थांबवायला लावलं आणि त्या कोऱ्या पांढऱ्यावर बोट टेकवलं.

"हितं."