दुसऱ्या भोंग्यापर्यंत

आमच्या क्लबचा इतिहास विचारायला हल्ली लोक येतात. आम्ही वरच्या गटात गेलो, सगळ्या पोरांना पगार सुरू झाला, तेव्हापासून ही वर्दळ. आलेला माणूस मोबाइल पुढे धरतो आणि विचारतो, पहिला कप कधी जिंकलात? माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. कप कपाटात आहेत, जाऊन बघा म्हणावं. कपांवरून इतिहास लिहायचा तर आधी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रवाल्या संघाचा लिहावा लागेल. त्यांनी आम्हाला इतकी वर्षं बदडलं की आम्ही मोजणं सोडून दिलं होतं.

मी या क्लबची कोच. माजरीकडच्या कोळशाच्या पट्ट्यात एका कॉलनीच्या शाळेत पीटी शिकवायला आले, तिथल्याच एका डंपर चालवणाऱ्याशी लग्न केलं आणि सासरी पाऊल टाकलं, तर देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर फुटबॉल ठेवलेला. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. क्लब काढणारे हेच मामाजी. मी दिवसभर शिट्टी गळ्यात घालून हिंडते याचं कॉलनीतल्या बायकांना नवल वाटायचं, मामाजींना नाही. लग्नाला वर्षही झालं नसेल, तेव्हा त्यांनी संघ माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाई, मले आता धावनं होत नाई. तू ओरडतं बी चांगली." माझ्या ओरडण्याचं कौतुक करणारं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

मैदान खदानीला लागून. मातीचे ढिगारे तीन बाजूंनी आणि चौथ्या बाजूला रस्ता. गोलपोस्ट जुन्या पाइपांचे. मॅचच्या आधी धूळ बसावी म्हणून खदानीच्या रस्त्यावर पाणी मारणारा टँकर दोन फेऱ्या आमच्या मैदानावरही मारून जायचा, तेवढी ओळख आमची होती. सुरुवातीला जर्सी पांढरी होती. पहिल्याच पावसाळ्यात ती कोणत्या रंगाची आहे यावर वाद होऊ लागला, मग आम्ही सरळ काळी केली. पोरं म्हणाल तर सगळीकडची. कोणाचा बाप तेलंगणातून आलेला, कोणाचा छत्तीसगडमधून. गोलकीपर गडचिरोलीतल्या जंगलातल्या गावचा, गोंड घरातला. घरी धान आणि मोहफूल, इथे खदानीत ठेकेदाराकडे काम. राग आला की तो गोंडीत ओरडायचा आणि समोरचा फॉरवर्ड अर्थ न कळताही मागे सरायचा.

आता आमच्या मैदानाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खदानीत दुपारी ब्लास्टिंग होतं. खडकात भोकं पाडून, त्यात बारूद भरून तो उडवतात, म्हणजे खालचा कोळसा मोकळा होतो. उडवण्याआधी एक लांब भोंगा होतो: दूर व्हा. सगळं शांत झालं की दुसरा: आता चालेल. आमच्या मैदानावर पहिला भोंगा झाला की खेळ जिथल्या तिथे थांबतो. शिट्टीची वाट बघायची नाही. ज्याच्या पायात बॉल असेल त्यानं तो हातानं ओढून गुडघ्याशी ठेवायचा आणि सगळ्यांनी खाली बसायचं. दोन्ही हात डोक्यावर, तोंड खदानीकडे, नजर वर. बाकावरचे खाली बसतात, बघायला आलेले बसतात, भेळवाला बसतो. दुसरा भोंगा झाला की उठायचं आणि जिथं थांबलो तिथून खेळायचं. पाहुण्या संघाला हे आधी सांगितलं जायचं. ते हसायचे, मग जमीन हलली की हसणं थांबायचं.

ही रीत मामाजींची. ते खदानीत ब्लास्टिंगवरच होते. क्लब नवा होता तेव्हा मैदान धोक्याच्या हद्दीबाहेर आहे म्हणून भोंगा झाला तरी पोरं खेळत राहायची. एका दुपारी आमचा लेफ्ट आउट बॉल घेऊन सुटला होता. भोंगा झाला, तो थांबला नाही, कोणीच थांबलं नाही. हद्द ओलांडून एक दगड आला आणि त्याला लागला. तो मैदानातच गेला. त्या दिवशी भोंगा मामाजींच्या हुकमानं वाजला होता आणि बारूदही त्यांनीच उडवली होती. हे मला सासूबाईंनी सांगितलं, तेही भाजी निवडताना, माझ्याकडे न बघता. मामाजी त्याबद्दल बोलायचे नाहीत. ते फक्त एवढंच म्हणायचे, "धावनारा मानूस आभायाकडे पाहत नाई. बसलेला पाहते."

आमचं आणि मामाजींचं भांडण झालं ते पगारी खेळाडूंवरून. खालच्या गटात आम्ही वर्षानुवर्षं रुतून बसलो होतो. कामावरून थकून आलेली पोरं शेवटच्या वीस मिनिटांत पडायची. नव्या कमिटीनं ठरवलं की काही खेळाडू बाहेरून आणायचे, करार करायचा, पगार द्यायचा. मी त्या बाजूची होते, आणि मोठ्यानं होते. एक फॉरवर्ड आणला चामोर्शीकडच्या बंगाली वस्तीतला. तिथं पोरं चालायला लागण्याआधी बॉलला लाथ मारतात. एक बॅक सिरोंचाकडचा, तेलुगू बोलणारा. आणि एक हाफ खुद्द नागपूरचा. त्याच्या केसांना वेगळा रंग होता आणि आमच्या मैदानाकडे बघताना कपाळाला आठी होती.

पहिल्याच सरावाला भोंगा झाला. सगळे बसले, हा नागपूरवाला कमरेवर हात ठेवून उभा. "काय बे, भूकंप होनार हाय काय?" म्हणाला. गोलकीपर बसल्या बसल्या सरकत गेला आणि चड्डी धरून त्यानं त्याला खाली ओढलं. सगळं मैदान हसलं. मामाजी कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर होते. भोंग्याला तेही खुर्ची सोडून जमिनीवर बसायचे, गुडघे कुरकुरले तरी. ते हसले नाहीत.

घरी आल्यावर म्हणाले, "तू वर जाशीन बाई. मी नाई म्हनत नाई. पन वर जाईन ते टीम आपली राहीन काय? पगार बंद झाला तं हे पोट्टे आपल्याले ओळखतीन काय?"

मी म्हटलं, "तुम्ही बघा तर खरं."

"पाहतो ना. पाहाले दिवस पाहिजे पन."

त्यांच्या छातीचं दुखणं तेव्हा बळावलं होतं. अंगणातून खाटेपर्यंत यायला दोनदा थांबावं लागायचं.  मला त्यांना दोन्ही गोष्टी दाखवायच्या होत्या: संघ वरच्या गटात गेलेला, आणि तरी आपलाच राहिलेला. त्यातली पहिली माझ्या हातात आहे असं मला वाटत होतं.

त्या हंगामात आम्ही खेळलो, आणि कसे खेळलो. वरोऱ्यातल्या बाजारात कापूस घेऊन आलेले लोक आमच्या पोरांना थांबवून चहा पाजायचे. अभिमानानं माझी मान अशी ताठ झाली होती की नवरा विचारायचा, अवघडली काय? शेवटची मॅच नागपुरात. बरोबरी झाली तरी आम्ही वर जाणार होतो. समोरच्या संघातले निम्मे आमच्या नागपूरवाल्याच्या मोहल्ल्यातले. कॉलनीतून दोन बसगाड्या भरून माणसं आली, बायका पोळ्यांचे डबे घेऊन. मामाजींना डॉक्टरांनी हलू दिलं नाही. निकाल फोनवर ऐकायचा नाही, कोचनं घरी येऊन तोंडानं सांगायचा, हाही त्यांचाच दंडक.

मॅच जवळजवळ अखेरपर्यंत कोरी, एकही गोल नाही. आम्ही गोलचं दार लावून बसलो होतो आणि ते तोडता तोडता त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. थोडाच वेळ उरला होता. बॉल आमच्या नागपूरवाल्याकडे आला, आमच्याच गोलसमोर. समोर जागा मोकळी होती. आणि भोंगा झाला.

तो मैदानाच्या भिंतीपलीकडच्या कुठल्याशा कारखान्याचा होता, पाळी सुटल्याचा. सूर मात्र हुबेहूब आमचा. नागपूरवाला थांबला. बॉल हातानं ओढून गुडघ्याशी ठेवला आणि खाली बसला, हात डोक्यावर. त्याच्यामागून गोलकीपर बसला. बॅक बसले, फॉरवर्ड बसले. प्रेक्षकांतली आमची दोन बसगाड्यांची माणसं बसली, डबे मांडीवर घेऊन. समोरचे खेळाडू खुळ्यासारखे बघत राहिले. मग त्यांच्या एकानं पुढे होऊन बॉल पायानं अलगद काढून घेतला, चार पावलं चालला आणि बसलेल्या गोलकीपरच्या बाजूनं आत सारला.

रेफरीनं गोल दिला. त्याचं चुकलं नाही. बॉल हातानं धरला म्हणून फाऊल आमचा होता, आणि खेळ न थांबवता फायदा त्यांना मिळाला. पण मी गप्प बसणारी बाई नाही. मी आरडाओरडा केला, हात नाचवले, आणि रेफरी माझ्याकडे अशा नजरेनं का बघतो आहे ते मला कळेना. मग ध्यानात आलं की हे सगळं मी जमिनीवर बसून करते आहे.

नागपूरकर प्रेक्षक हसत होते. शिट्ट्या, टाळ्या. "अरे, पूजा आहे का?" असं कोणी ओरडलं. कठड्याला धरून नागपूरवाल्याचे मित्र त्याला नावानं हाक मारून चिडवत होते. आमचे अजून बसलेलेच. मी ओरडले, "उठा रे! ही आपली खदान नाही! उठा!"

माझी जुनी पोरं चाचरत उठायला लागली. नागपूरवाला जागेवरून हलला नाही. त्याची नजर अजून वर होती.

"बाई," तो म्हणाला, "दुसरा भोंगा कुठी झाला?"

मी मैदानात धावत गेले, त्याला दंडाला धरून उभं केलं. उरलेल्या मिनिटांत आम्ही जीव तोडून खेळलो. त्याचाच एक फटका पोस्टला लागून बाहेर गेला. आम्ही हरलो आणि वर गेलो नाही. वर आम्ही पुढच्या हंगामात गेलो, दणक्यात गेलो, पण ते पाहायला मामाजी नव्हते.

 परतीच्या बसमध्ये मला सगळ्या जगाचा राग आला होता. त्या कारखान्याचा, रेफरीचा, आणि आमच्या रीतीचाही. घरी आले तेव्हा मामाजी झोपले होते. सकाळी चहा घेऊन त्यांच्या खाटेशी गेले.

"हरलो, मामाजी."

"मालूम हाये. दूधवाला सांगून गेला. गोल कसा खाल्ला ते सांग."

मी सांगितलं. भोंगा, बसणं, सगळं. सांगताना मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. त्यांच्या हयातीत वर जायचं होतं हो, एवढंच होतं. मामाजींनी कप खाली ठेवला.

"सगळे बसले?"

"सगळे."

"उभा कोनीच नाई राह्यला?"

"कोणीच नाही. मीसुद्धा बसले."

"अन् तो नागपूरचा?"

"तोच सगळ्यात आधी बसला, मामाजी. बॉल त्याच्याच पायात होता. त्याचे मित्र हसत होते, नावानं चिडवत होते, तरी बसला. मी उठा म्हटलं तरी उठेना. म्हणाला, दुसरा भोंगा झाला नाही."

 मामाजी म्हणाले, "आज त्याले जेवाले बोलाव. पाहुना म्हनून वाढू नोको. घरात जे हाये तेच वाढ."

दुपारी तो आला. मान खाली, रंगवलेले केस नीट विंचरलेले. घरात वरण-भात आणि वांग्याची भाजी होती. मामाजी खाटेवरून उतरून त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. मी वाढत होते. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दगड लागून गेलेल्या त्या लेफ्ट आउटचं नाव सांगितलं, त्याचं गाव सांगितलं, तो डाव्या पायानं कसा वळायचा ते सांगितलं. मी त्या घरात आल्यापासून ते नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघरातून उठून दाराशी आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. तो पोरगा हातातला घास तसाच धरून ऐकत होता.