दाबाच्या खोलीतला डॉक्टर

“वस्ताद, दार जरा हळू लावा.”

“डॉक्टरसाहेब, लोखंडाचं दार आहे ते, लाजरी सूनबाई नव्हे!” खोली चालवणारा म्हातारा हसला आणि त्यानं कडी ओढली.

उंच आकाशातल्यासारखी आतली हवा विरळ होऊ लागली, तशी डॉक्टरला त्या बंद खोलीची भीती वाटू लागली. विमानवैद्यकाचा बिल्ला मिळवायला अशा दहा फेऱ्या लागत, ही शेवटची. भीती वाटते म्हणावं तर बिल्ला हातचा जाणार. अशीच भीती लपवणाऱ्या दोन वैमानिकांचं उड्डाण त्यानंच बंद केलं होतं. मन दुसरीकडे वळवायला तो बेरजा करत बसला.

दार उघडलं. “बिल्ला पक्का! आता वैमानिकांच्या प्रत्येक तुकडीबरोबर आत तुम्हीच बसायचं,” वस्ताद म्हणाला.

बाहेर नवी तुकडी उभीच होती. डॉक्टरनं पहिल्याच्या मास्कचा पट्टा आवळला आणि त्याच्यामागून आत शिरला.