नाकेदार काकांची मोकळी वाट

दबा कसा धरायचा, हे मला एका निवृत्त नाकेदाराने शिकवले.
आज सकाळी आमच्या मूल गावी ते वारले.

वनरक्षकाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. हे आमच्या शेजारचे, म्हणून नाकेदार काका.

मी तेव्हा बारावीची परीक्षा दिली होती. मला नागपूरला शिकायचे होते, आणि बाबांनी चारचौघांत सांगून टाकले होते, "पोरगी नागपूरले जानार नाई."
चारचौघांत दिलेला शब्द बाबा मागे घेत नसत.

त्या सुट्टीत मी काकांकडे कॉम्प्युटर शिकायला जायची. त्यांच्या मुलाने तो घरी ठेवला होता. टायपिंगपेक्षा मी त्यातला युद्धाचा गेमच अधिक शिकले.

एक गाव राखायचे. शत्रू जंगलातून येणार. आपली बारा माणसे झाडीत लपवायची आणि तो टप्प्यात येईपर्यंत हलायचे नाही.

न हलणे मला उत्तम जमायचे. तरीही मी हरायची. चारही बाजूंनी कोंडलेला शत्रू शेवटी उलटायचा, माझी निम्मी माणसे मारायचा आणि गावात शिरायचा.

काका मागे खाटेवर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत पाहत असायचे.

"काऊन वं, या लोकायले पळून जायले जागाच नाई ठेवली तू?"

"काका, दुश्मन हायेत ते."

"असतीन. मी जिंदगीभर सागवान चोर धरले. चहूकडून कोंडला का तो कुऱ्हाड घेऊन अंगावरच येते. एक वाट सोडा लागते."

"पन मंग पूर्ण मार्क नाई भेटत."

"तुले गाव पायजे का मार्क?"

मी मागची वाट मोकळी ठेवली. शत्रू पळाला. स्क्रीनवर आले, 'पार्शल व्हिक्टरी'. मी अर्थ सांगितला, अर्धा विजय.

"गाव वाचलं ना? मंग अर्धा कोन म्हनते?"

मला मात्र ते अर्धेपण दोन दिवस टोचत राहिले.

बाबांसाठी मी वहीत अकरा मुद्दे लिहिले होते. त्यांच्या प्रत्येक हरकतीला उत्तर. काकांना वाचून दाखवले.

ते सगळे ऐकून म्हणाले,
"लय बेस लिहिलं. पन बाप यातून भायेर निंगन कुठून?"

मी वही ठेवून दिली. बाबांना एवढेच म्हटले, "एक वर्ष पाठवून पाहा. तुम्हाले नाई पटलं तं म्हनान त्या दिवशी वापस येईन."

तो शब्द खरा होता. त्यांनी म्हटले असते, तर मला परतावेच लागले असते.

बाबांनी चारचौघांत सांगितले, "एक वर्ष पाहून राह्यलो."

पहिल्या वर्षी ते दर महिन्याला आले. दर वेळी मी मनात पेटी भरून ठेवायची. दर वेळी ते मेसमध्ये जेवून एकटेच परत गेले.

आता शेवटचे वर्ष आहे. उद्या पेपर आहे. आठवडाभर नीट झोप नाही.

दुपारी बाबांचा फोन आला. तोवर सगळे आटोपले होते.

"सकाळीच काऊन नाई सांगतलं? मी आली असती ना बाबा."

"नाकेदारभाऊनंच सांगून ठेवलं होतं," बाबा म्हणाले. "म्हने, पोरीचा पेपर असन तं मले नेल्यावरच सांगजा."

सायबर कॅफेत बसून हे लिहिते आहे. डोळे मिटत आहेत, आणि अजून दोन धडे वाचायचे आहेत.

काका, पेपर देऊन येते.
तोवर इथूनच नमस्कार.